सरळ रस्त्याची झीज

भाच्याला खासबागेतनं भेळ आणायची होती. त्याच्या गाडीसमोर कुणीतरी टेम्पो लावून गायब झालेलं, म्हणून तो माझी मारुती आठशे घेऊन गेला. परत आल्यावर त्यानं किल्ली टीव्हीच्या टेबलावर ठेवली, पुडे सोडले आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मावशी, तू ही गाडी चालवतेस की तिची समजूत काढतेस?" सगळे हसले, मीही हसले. पुण्यात त्याची स्वतःची गाडी एका बोटानं वळते. अशा माणसानं जुन्या गाडीला चार शब्द सुनावणारच, असं म्हणून मी भेळेवर कांदा पसरत बसले. पण तो थांबेना. दोन्ही हात हवेत धरून दाखवायला लागला. "सरळ रस्त्यावर मी हे असं करत होतो," आणि त्याचे हात डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. "तरी गाडी आपली तिच्याच मनानं. तुला कळत नाही का?"

मला खरंच कळत नव्हतं. माझी गाडी सरळ जाते. इतकी वर्षं मी तिच्यातून कॉलेजला गेले, पन्हाळ्याला गेले, गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात गेले. सरळ जाते म्हणजे जाते. भेळ संपली, विषय बदलला, दुसऱ्या दिवशी भाचा पुण्याला गेला, पण ते हवेत हलणारे हात काही माझ्या डोक्यातून जाईनात. त्यानं गाडी जुनी आहे म्हटलं असतं, बारीक आहे म्हटलं असतं, एसी चालत नाही म्हटलं असतं, तर मला काही वाटलं नसतं. ते सगळं मला माहीत आहे. हे माहीत नव्हतं.

मग सकाळी पार्किंगमध्ये गेले. इंजिन बंद, चाकं सरळ. खिडकीतून हात आत घालून स्टिअरिंग दोन बोटांनी हळूच फिरवलं आणि नजर पुढच्या चाकावर ठेवली. स्टिअरिंग फिरलं. चाक तसंच. आणखी थोडं फिरवलं, चाक तसंच. मग खालून कुठूनतरी 'टक्' असा दबका आवाज आला आणि चाक एकदाचं हललं. चाक हलायच्या आधी स्टिअरिंग असं रिकामं फिरतं, त्याला प्ले म्हणतात. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये स्टिअरिंगच्या कडेवर 30 मिलिमीटरपर्यंतचा प्ले चालतो असं दिलेलं असतं. माझ्याकडे चार बोटं आडवी बसली, वर थोडी जागा उरली.

त्यानंतर गाडी चालवताना मी स्वतःच्या हातांकडे लक्ष द्यायला लागले, आणि हा प्रकार फार विचित्र निघाला. हात काय करतायत हे बघायला गेलं की हात बावरतात. तरी जे दिसलं ते असं: माझा डावा हात स्टिअरिंगला कायम किंचित खाली ओढून धरत होता. म्हणजे मधला जो ढिला भाग, त्याच्या एका कडेला मी स्टिअरिंग टेकवून ठेवत होते, आणि तिथून गाडी हाकत होते. तावडे हॉटेलच्या वळणावर यायच्या आधीच, वळण दिसताक्षणी, उजवा हात ती चार बोटं खाऊन टाकत होता, म्हणजे प्रत्यक्ष वळायच्या वेळी गाडी लगेच वळावी. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी कधी ठरवूनही केलं नव्हतं. प्ले वर्षाला अर्धा बोट वाढत गेला असेल, आणि हात तेवढंच मागून मागून शिकत गेले असतील. भाच्याचे हात तेवढे शिकलेले नव्हते, म्हणून गाडी त्याच्याशी खरं बोलली.

लहानपणी गारगोटीच्या एसटीत मी हट्टानं ड्रायव्हरच्या शेजारी, इंजिनाच्या बॉनेटला लागून असलेल्या जागेवर बसायची. खालून ऊब यायची, रेक्झिनला डिझेलचा आणि बिडीचा मिळून एक वास असायचा. तिथून ड्रायव्हरचे हात अगदी जवळून दिसत. स्टिअरिंग केवढं तरी मोठं, आडवं, आणि ते सतत चालू. रस्ता सरळ असला तरी हात चालूच, इकडे एवढंसं, तिकडे एवढंसं. मला वाटायचं गाडी चालवणं म्हणजे हेच. जुन्या हिंदी सिनेमातले हिरो मागे पडद्यावर रस्ता पळत असताना स्टिअरिंग असंच हलवत बसतात, आणि आपण हसतो, की अरे रस्ता तर सरळ आहे. मला हल्ली ते हसण्यासारखं वाटत नाही. त्या काळच्या निम्म्या गाड्यांना ते करावंच लागत असणार. दसऱ्याला कोल्हापूरच्या छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते तेव्हा लोक गाडी बघतात, फोटो काढतात. मी यंदा चालवणाऱ्याचे हात बघत उभी होते. गर्दीत नीट काही दिसलं नाही.

मेस्त्रींकडे जायला मात्र मी वेळ लावला.

त्याचं कारण सांगते. जुन्या गाडीत एक गोष्ट उघडली की तिच्या शेजारची उघडावी लागते, हे एक. दुसरं म्हणजे, पंधरा वर्षं उलटून गेलेल्या गाडीची दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी करावी लागते. 2022 साली तिची फी 600 वरून 5000 झाली, त्यावर महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा. तेव्हापासून घरात एक वाक्य टपूनच बसलेलं असतं: "आता देऊन टाक की कुणाला तरी." गाडीत काही निघालं असं नुसतं म्हटलं तरी ते वाक्य उठतं. म्हणून मी कुणाला न सांगता, दुपारच्या वेळी, भाजी आणायला जाते म्हणून गेले.

मेस्त्रींनी गाडी चालवून बघितली नाही. बसले, स्टिअरिंग एकदा इकडे एकदा तिकडे हलवलं, उतरले, आणि पोत्यावर पाठ टेकून खाली शिरले. मला म्हणाले, "बाई, तुम्ही आत बसून हलवत राहा. लई जोरात नको." मी हलवत राहिले. खालून त्यांचा आवाज, "हां... हां... ऱ्हाऊ दे." बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात रबराचा एक तुकडा होता, रॅकच्या, म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणाऱ्या आडव्या दांड्याच्या, टोकाला जो वळ्यावळ्यांचा बूट असतो त्याचा. नुसता फाटलेला नव्हता, कुजलेला होता. बोटानं दाबला की भुगा पडत होता. "टायरॉड एंड बरा हाय. रॅक गेलीया," ते म्हणाले. "काढून बघितल्याशिवाय किती ते कळायचं न्हाई." टायरॉड एंड म्हणजे रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांडीचं टोक.

रॅक काढायला फार काही लागत नाही, धीर लागतो. टायरॉड एंडच्या नटातली स्प्लिट पिन गंजून एकजीव झालेली असते, ती आधी तुकड्या-तुकड्यानं निघते. मग नट सैल करायचा, पण पूर्ण काढायचा नाही, आणि एंड चाकाकडच्या ज्या लोखंडी हातात बसलेला असतो त्याच्या कुशीवर हातोडा मारायचा. एंडवर नाही, त्या हातावर. एका बाजूला दुसरा जड हातोडा आधाराला धरून मेस्त्रींच्या पोऱ्यानं दोन-तीन टोले दिले आणि 'टण्' आवाज करत तो सुटून खाली पडला. टायरॉडचे आटे जिथपर्यंत आत गेले होते तिथं त्यानं आधीच पांढऱ्या रंगाची रेघ मारून ठेवली होती, पुढं अलायनमेंट निदान जवळपास तरी यावी म्हणून. स्टिअरिंगचा दांडा पिनियनला, म्हणजे रॅकच्या छोट्या दातेरी चाकाला, जिथं जोडला जातो तिथंही एक रेघ. एक दात जरी चुकला तरी सगळं नीट बसवूनही स्टिअरिंग कायम वाकडं दिसतं, आणि मग ते बघून बघून माणसाची मान वाकडी होते, असं मेस्त्री म्हणाले.

रॅक बाकावर आली. हातभरापेक्षा जरा लांब नळी, तिच्या आत दात कापलेला एक पोलादी दांडा, आणि उजव्या टोकाशी, ड्रायव्हरच्या बाजूला, त्या दातांत अडकलेलं छोटंसं पिनियन. स्टिअरिंग फिरलं की पिनियन फिरतं, पिनियन दांड्याला डावीकडे किंवा उजवीकडे सरकवतं, दांडा चाकांना ढकलतो. बाकी काही नाही. अँबेसिडरलाही रॅकच होती. पद्मिनीला मात्र स्टिअरिंग बॉक्स. मेस्त्रींच्या मते बॉक्स म्हणजे गुंतागुंत आणि रॅक म्हणजे साधं सरळ काम, आणि साध्या सरळ कामात लपवायला जागा नसते.

डावीकडचा बूट काढला तेव्हा आतून आधी पाणी आलं नाही, ग्रीसही आलं नाही. राखाडी माती आली. वाळलेली, अगदी मऊ, पिठासारखी. मेस्त्रींनी ती बोटावर घेतली, अंगठ्यानं चोळली आणि माझ्याकडे बघितलं. "पंचगंगा," ते म्हणाले. 2019च्या ऑगस्टमध्ये पाणी आमच्या गल्लीत शिरलं तेव्हा गाडी चढावर नेऊन लावली होती, पण चढ पुरला नाही, चाकं अर्धी बुडाली. ओसरल्यावर गाडी धुतली, इंजिन ऑईल बदललं, ब्रेक साफ करून घेतले, गालिचे उन्हात टाकले. बूट तेव्हाच कुठंतरी चिरलेला असणार. इतकी वर्षं तो गाळ ग्रीसमध्ये कालवला जाऊन दर वळणाला पुढे-मागे घासत राहिला. डाव्या टोकाला दांड्याला आधार देणारा प्लास्टिकचा बुश असतो, तो एका बाजूनं जवळजवळ संपला होता. स्पीडब्रेकरवर जो 'खट्' आवाज यायचा आणि जो मी शॉक अब्सॉर्बरच्या नावावर टाकला होता, तो हा.

पण मला खरं बघायचं होतं ते दात.

मेस्त्रींनी दांडा रॉकेलमध्ये बुडवून पुसला आणि उजेडात धरला. दोन्ही टोकांचे दात नव्यासारखे. कडा टोकदार, पृष्ठभागावर कारखान्यातली बारीक रेघ अजून दिसत होती. आणि मधले पाच-सहा दात आरशासारखे चकाकत होते. माझी बोटं त्यांच्यावरून फिरली तेव्हा टोकाकडून मध्याकडे येताना खोबण जाणवली, उतरत्या पायरीला पाय लागावा तशी. "कडंचं दात बघा की, आजून कोरं हायत," मेस्त्री म्हणाले. "लोक सरळच जात्यात नव्हं? दिवसभर वळवतंय कोण? सरळ जाताना बी हात गप बसत न्हाईत, तेवढ्यात तेवढं घासत ऱ्हातंय." मी विचारलं, मग मागचा स्क्रू आवळून घेता येणार नाही का? दांड्याला पिनियनवर दाबून धरणारा एक प्लंजर असतो, त्याच्यामागे स्प्रिंग, त्याच्यामागे स्क्रू. मी हे वाचून गेले होते, जरा ऐटीतच विचारलं. मेस्त्रींनी उत्तर दिलं नाही. स्क्रू आवळला, मधला प्ले गेला, आणि पिनियन माझ्या हातात देऊन म्हणाले, "फिरवा आता टोकापत्तूर." मी फिरवलं. मध्यापासून थोडं पुढं सरकलं आणि अडकलं. तिथले दात झिजलेलेच नव्हते, त्यांना तेवढी जागा कुठली. अशी गाडी सरळ रस्त्यावर छान चालेल, पण चौकात पूर्ण वळवली की स्टिअरिंग धरून राहील, सोडल्यावर आपणहून परत यायचं नाही. मेस्त्री म्हणाले, "ढिली गाडी चालवता येतीया. धरल्याली न्हाई चालवता येत."

मग भंगारातली एखादी? मारुती आठशे कमी भंगारात गेल्या का? त्यावर ते हसले. भंगारातली कुठलीही रॅक काढा, मधेच झिजलेली असणार, कारण ज्याची कुणाची ती होती तोही सरळच जात होता. ड्रायव्हिंग स्कूलची मिळाली तर मात्र घ्या, ते म्हणाले, शिकाऊ पोरांनी वळवून वळवून सगळे दात सारखे घासलेले असतात, तिचा स्क्रू बिनधास्त आवळता येतो. हे खरं की गंमत, मला अजून कळलेलं नाही.

शेवटी किट आणायचं ठरलं, म्हणजे दात कापलेला दांडा आणि पिनियन, जोडीनं. एकट्या नव्या दांड्यावर जुनं पिनियन घालायचं नाही, ते नव्याला आपल्या वळणावर नेतं. ही गाडी बनायची बंद झाली जानेवारी 2014 मध्ये, पण स्पेअरच्या दुकानात अजून तिचं नाव काढल्यावर कुणी तोंड वाकडं करत नाही, पोरगा सरळ शिडी लावतो. किटमधला बुश मात्र आमच्या नळीत सैल बसायला लागला. पुराच्या पाण्यानं नळीचं तोंड आतून खाल्लेलं. ते घासून गोल केलं की माप वाढणार, आणि त्या मापाचा बुश बाजारात मिळणार नाही. कोल्हापुरात अशा वेळी कुणी हात टेकत नाही. उद्यमनगरला जातात.

मी हट्टानं बरोबर गेले. लेथवर बसलेल्या गृहस्थांनी नळी बघितली, व्हर्नियर लावला, खडूनं पत्र्यावर दोन आकडे लिहिले आणि कोपऱ्यातून नायलॉनचा पांढरा रॉड काढून चकमध्ये धरला. टूल लागलं तशी अखंड पांढरी फीत निघत गेली, मशीनखाली तिचा ढीग झाला. मग त्यांनी मशीन बंद केलं आणि चहा सांगितला. मला वाटलं पाहुणचार. तसं नव्हतं. "गरम असताना नायलॉन फुगलेलं असतंय, आता माप घेतलं तर खोटं निघतं," ते म्हणाले. चहा संपेपर्यंत त्यांनी त्या तुकड्याला हात लावला नाही. मग परत व्हर्नियर, परत एक बारीक कट, परत थांबणं. आतलं भोक त्यांनी मुद्दाम किंचित मोठं ठेवलं, कारण बुश नळीत दाबून बसवला की तो आवळतो आणि भोक लहान होतं. आत ग्रीस राहायला दोन खाचा मारल्या. शेवटी नवा दांडा त्यातून घालून बघितला. नुसता सोडला तर पडत नव्हता, बोटानं ढकलला तर अडत नव्हता. हाताला जाणवेल असं काही खडखडत नव्हतं. त्यांनी तो तीनदा पुढे-मागे केला. तिसरा वेळ कामासाठी नव्हता, असं मला वाटलं. पैसे इतके कमी सांगितले की मला जरा ओशाळल्यासारखं झालं, आणि जास्त दिले तर त्यांनाच राग आला असता.

गॅरेजमध्ये सगळं परत बसलं. भरपूर ग्रीस, नवे बूट, प्लंजर, स्प्रिंग. स्क्रू आधी पुरता आवळून मग थोडा मागे फिरवला, दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवून बघितला, मधे किंवा कडेला कुठे धरत नाही ना. लॉकनट आवळताना स्क्रू त्याच्याबरोबर फिरू नये म्हणून मेस्त्रींनी तो दुसऱ्या पान्यानं धरून ठेवला होता, आणि त्यांच्या जिभेचं टोक बाहेर आलं होतं. मग अलायनमेंट. पांढऱ्या रेघेवर बसवूनही थोडा फरक निघालाच.

चालवायला घेतली आणि मला गाडी आवडली नाही. हे मेस्त्रींना सांगितलं नाही, पण खरं आहे. शाहूपुरीतून बाहेर पडेपर्यंत मी दोनदा रस्त्याच्या डाव्या कडेला गेले, कारण डावा हात सवयीनं खाली ओढत होता आणि आता त्या ओढण्याला गाडी लगेच हो म्हणत होती. वळण यायच्या आधीच वळत होती. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा, उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेली प्रत्येक चाकोरी तळहातापर्यंत येत होती. इतकी वर्षं मधे एक गादी होती, ती कुणीतरी काढून घेतल्यावर मला कळलं की ती होती. घरी आले तेव्हा खांदे दुखत होते, आणि मनात चक्क त्या जुन्या, झिजलेल्या दांड्याबद्दल काहीतरी आलं. तो मागे मागायला हवा होता का? मागून करणार काय?

हात हळूहळू आले ताळ्यावर. सांगलीला एका लग्नाला गेले तेव्हा अंकलीच्या पुलावर सहज लक्ष गेलं, दोन्ही हात नुसते ठेवलेले होते, काही करत नव्हते. घरात "देऊन टाक" कुणी म्हटलं नाही, कारण मी सांगितलंच नाही. बिल मेस्त्रींनी वहीच्या पानावर लिहून दिलंय, ते पर्समध्ये आहे. हजारेक किलोमीटर झाले की स्क्रू परत बघायला या, नवीन दात एकमेकांवर बसले की थोडा फरक पडतो, असं त्यांनी बजावलं होतं. ते किलोमीटर केव्हाच होऊन गेले. मी जात नाही, कारण मागच्या वेळी गाडी बाहेर काढून देताना त्यांनी क्लचचं पेडल दाबलं होतं, माझ्याकडे बघितलं होतं, आणि काही बोलले नव्हते.